दादा, बॅलन्स बोर्ड आणि एसटीची पहिली पायरी

"ये बाळा, इथे खुर्चीत बस," असं मी म्हणाले आणि समोरच्या माणसानं मान हलवली. "बाळ नाही. दादा." वय ३१, डाउन सिंड्रोम. धाकटी बहीण शेजारी उभी होती. ती म्हणाली, "मी त्याला दादा म्हणते ना, म्हणून." त्या दिवसापासून तो माझ्यासाठीही दादाच झाला आणि इथेही त्याला तेच म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. लिहायची परवानगी आई-वडिलांकडून घेतली, तशी त्याच्याकडूनही घेतली. "फोटो नको. गोष्ट लिहा," असं तो म्हणाला.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. गुडघे, कंबर, पॅरालिसिसनंतरचे पेशंट हे रोजचं काम. डाउन सिंड्रोम असलेली लहान मुलं येतात, पण तिशी ओलांडलेली माणसं क्वचितच. मूल चालायला लागलं की आपल्याकडे थेरपी बंद होते आणि पुढे त्या पायांकडे कुणी बघत नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ६०च्या घरात आहे. हृदयाची ऑपरेशनं होऊ लागली, औषधं आली, घरच्यांनी जीव लावला, आणि ही मधली वर्षं मिळाली. ती पडायच्या भीतीनं खोलीत बसून जाऊ नयेत, हे माझं या प्रकरणातलं म्हणणं आहे. टीव्हीवर खेळायचा तोलाचा गेम हे त्यातलं एक साधन.

दादा सहा महिन्यांत तीनदा पडला होता. एकदा घराच्या उंबऱ्यावर, एकदा कार्यशाळेच्या अंगणात (तो तिथे कागदी पिशव्या आणि दिवाळीच्या पणत्या करतो), आणि तिसऱ्यांदा एसटीत चढताना. तिसऱ्या वेळी हनुवटीला तीन टाके पडले. त्यानंतर वडील त्याला काखेत हात घालूनच चालवायचे. आई म्हणाली, "आता बाहेर नेतच नाही हो फारसं. परत पडला तर?" बाहेर जाणं थांबलं तसं चालणं थांबलं. चार महिन्यांत वजन वाढलं आणि पाय आणखी कच्चे झाले.

मी दादाला विचारलं, तुला काय करायचंय? उत्तर तयार होतं. "आत्याकडे जायचं. एसटीनं." आत्याचं गाव तासाभरावर. तिच्याकडे गाय आहे. फाईलमध्ये उद्दिष्टाच्या रकान्यात मी तेवढंच लिहिलं: एसटीनं आत्याकडे.

पाय फाकवून का चालतात

डाउन सिंड्रोममध्ये २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. फ्रान्समध्ये जेरोम लजेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली हे दाखवून दिलं. या जादा प्रतीचा परिणाम अंगभर असतो. स्नायू मुळातच सैल, सांध्यांना धरून ठेवणारे बंध ढिले, तळवे बहुतेकांचे सपाट. तोल आणि हालचाली जुळवणारा छोटा मेंदू आकारानं लहान. धक्का बसला की पायाचे स्नायू जागे व्हायला क्षणभर उशीर होतो, आणि पडायला तेवढा क्षण पुरतो.

मग शरीर स्वतःच उपाय शोधतं. पाय फाकवायचे, पावलं लहान टाकायची, गुडघे ताठ करायचे, अख्खं अंग आवळून धरायचं. बघणाऱ्याला ते बेंगरूळ दिसतं. उंबऱ्यापाशी दादा थांबायचा, पायाकडे बघायचा, एका हातानं चौकट धरायचा आणि मगच पाऊल उचलायचा. घरी त्याला "चल लवकर, हट्ट करू नकोस" असं ऐकावं लागायचं. तो हट्ट नव्हता. आपल्या पायांचा भरवसा नाही हे ओळखलेल्या माणसाचा तो शहाणपणा होता. ही गोष्ट मी आई-वडिलांना पहिल्याच दिवशी समजावून सांगितली, आणि आई बराच वेळ गप्प बसली.

आधी गेम नाही

दादाच्या बहिणीनं मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ पाहिले होते, टीव्हीसमोर पाटासारख्या फळीवर उभं राहून गेम खेळणारी माणसं. माझ्याकडे तसा जुना बोर्ड आहे हे तिला कळलं होतं, म्हणूनच ती त्याला घेऊन आली. पण पहिले सहा आठवडे मी टीव्ही लावलाच नाही.

आईच्या मनात एक भीती होती, ती तिनं दार लावून घेतल्यावर सांगितली. डाउन सिंड्रोम असलेल्या माणसांचं वय लवकर होतं म्हणतात, तसं काही सुरू झालंय का? भीती निराधार नाही. अल्झायमरशी संबंध असलेल्या प्रथिनाचं एक जनुक २१व्या गुणसूत्रावरच आहे आणि डाउन सिंड्रोममध्ये चाळिशीनंतर तो धोका बराच वाढतो. पण "वय झालं" हे उत्तर सगळ्यात शेवटी द्यायचं असतं. त्याआधी जे दुरुस्त होतं ते शोधायचं.

सगळ्यात आधी मान. डाउन सिंड्रोममध्ये मानेच्या वरच्या दोन मणक्यांमधले बंध ढिले असू शकतात आणि क्वचित मणका सरकून मज्जारज्जूवर दाब येतो. मान दुखणं, डोकं एका बाजूला कलतं ठेवणं, हातातली कामं एकाएकी बिघडणं, लघवीवरचा ताबा जाणं, चाल अचानक बदलणं, यातलं काहीही असेल तर व्यायाम बंद आणि थेट डॉक्टर. दादाची चाल बदलली होती, म्हणून मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. त्यांनी तपासून, एक्स-रे काढून, झटके टाळायच्या अटीवर व्यायामाला होकार दिला. लहानपणी हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, तेव्हा हृदयाच्या डॉक्टरांनाही विचारलं.

मग थायरॉईड. गोळी चालू होती, पण रक्ताची तपासणी दीड वर्षात झाली नव्हती. डॉक्टरांनी डोस वाढवला. चष्मा चार वर्षांपूर्वीचा होता, नंबर बदलला होता. आणि पायात अंगठ्याची सैल चप्पल, जी पाऊल उचललं की मागून लोंबायची. सपाट तळव्याला आधार देणारी, मागून पट्टा असलेली सँडल घ्यायला लावली. पट्टा चिकटपट्टीचा, म्हणजे त्याला स्वतःला लावता येईल असा.

थायरॉईडच्या नव्या डोसचा परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. घाई केली असती तर पुढे झालेला फरक गोळीचा, चष्म्याचा, सँडलचा की गेमचा, हे कधीच कळलं नसतं. म्हणून सहा आठवडे थांबले. त्या काळात रोज संध्याकाळी अंगणात वीस मिनिटं चालणं, एवढंच.

मोजताना

खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, आणि वेळ मोजायची. अशी एक साधी चाचणी जगभर वापरतात. दादाला पहिल्या खेपेला १९ सेकंद लागले. त्यात काही सेकंद भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या गणपतीला नमस्कार करण्यात गेले होते. दुसऱ्या खेपेला १५. "नेहमीसारखं चाल" या वाक्याचा त्याला काही बोध होईना. मग मी स्वतः करून दाखवलं, तीन मीटरवर बहिणीला उभं केलं, कॅलेंडर उतरवलं आणि तीन वेळा मोजून मधला आकडा धरला. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाची चाचणी एकदाच घेऊन आकडा लिहिणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो आकडा पायांचा नसतो, सूचना किती कळली याचा असतो.

सहा आठवड्यांनंतरची स्थिती अशी होती. उठून चालून बसायला १४ सेकंद. उजव्या पायावर २ सेकंद उभं राहता यायचं. डाव्या पायावर, काही न धरता, अजिबात नाही. आणि माझी स्वतःची एक चाचणी: २० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर चढणं. दोन्ही हातांनी धरून चढायचा, उतरताना आडवा व्हायचा. स्टँडवर जाऊन आम्ही टेपनं एसटीची पहिली पायरी मोजली होती. फलाटाच्या कडेपासून गाडी लांब लागली की जमिनीपासून ती जवळपास ४० सेंटिमीटर भरते.

बोर्ड

हा बोर्ड निन्टेन्डो कंपनीचा. त्यांच्या वी (Wii) या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्रावरचा वी फिट नावाचा गेम २००७ साली आधी जपानमध्ये आला, त्याच्यासोबतचा. दिसायला देवघरातल्या पाटापेक्षा थोडा मोठा, पांढरा. चार कोपऱ्यांत चार वजनमापक. उभं राहिल्यावर कुठल्या कोपऱ्यावर किती भार पडतो ते बघून वजनाचा मध्य कुठे आहे हे तो टीव्हीवर एका ठिपक्यानं दाखवतो. तुम्ही डावीकडे झुकलात की ठिपका डावीकडे जातो. एवढंच त्याचं काम. आता हे बोर्ड नवे मिळत नाहीत. माझ्याकडचा परदेशातून परतलेल्या एका ओळखीच्या कुटुंबानं दिलेला आहे, चार पेन्सिल सेलवर चालतो.

डाउन सिंड्रोममध्ये ऐकलेलं लक्षात ठेवणं अवघड जातं, पाहिलेलं त्या मानानं सोपं. "वजन डाव्या पायावर घे" हे वाक्य दादाच्या कानावरून वाहून जातं. पण ठिपका डावीकडच्या वर्तुळात न्यायचाय हे त्याला बघताक्षणी कळलं. शिवाय एक गोष्ट मी आधी पुरेशी ओळखली नव्हती. तीस वर्षं तो "सरळ उभा राहा, नीट चाल, सांभाळ" हेच ऐकत आला होता. बोर्ड ओरडत नाही. चुकलं की ठिपका दुसरीकडे जातो, आणि पुन्हा करून बघता येतं. एका बैठकीत त्यानं दीडशे-दोनशे वेळा वजन इकडून तिकडे नेलं. माझ्या तोंडी सूचनांवर त्यानं वीस वेळाही केलं नसतं.

पण गेम जसाच्या तसा लावायचा नाही, हे आधी सांगते. हा गेम सुरुवातीलाच वजन करतो, जाड असाल तर तसं स्पष्ट सांगतो आणि पडद्यावरच्या बाहुल्यालाही जाड करतो. तोलाच्या खेळांत गुण कमी पडले तर सगळ्यात खालच्या पायरीचं नाव आहे "अनबॅलन्स्ड". दादाला इंग्रजी अक्षरं थोडी ओळखता येतात. ज्याला तोल नाही म्हणून घरात बसवलंय त्याच्यासमोर तो शब्द यावा हे मला सहन होणारं नव्हतं. वजनाची पायरी वगळली, आणि निकालाची पाटी यायच्या वेळी मी टीव्हीसमोर उभी राहून टाळ्या वाजवायचे. गुण मी माझ्या वहीत लिहायचे, त्याला फक्त कालच्यापेक्षा किती जास्त तेवढं सांगायचे.

आठवड्यातून तीन दिवस, पाऊण तास. एका बाजूला भिंत, मागे हात नसलेली जड खुर्ची, पुढे धरायला वॉकर, खाली गादी, आणि शेजारी मी. कमरेला पकडायचा पट्टा. पायात मोजे नाहीत, अनवाणी.

पांडा आणि घडी

पहिला खेळ गोट्यांचा. टीव्हीवरचं टेबल झुकवून गोट्या भोकात पाडायच्या. तो सावकाश चालतो, चारी दिशांना वजन न्यावं लागतं, सुरुवातीला उत्तम. पण दादाचं मन जडलं ते फुटबॉलवर. समोरून चेंडू येतात, त्या बाजूला झुकून डोक्यानं मारायचे. मधूनच बूट येतात आणि पांडाची डोकी येतात, ती चुकवायची.

पांडा चुकवणं त्याला पटेना. "तो चांगला आहे," असं म्हणत तो मुद्दाम पांडाच्या दिशेनं झुकायचा आणि गुण घालवायचा. मी हे दोन दिवस चालू दिलं. गुण गेले तरी झुकणं तर होतच होतं, आणि खोलीत त्याचं हसणं भरून राहायचं.

खरी अडचण वेगळी होती. चेंडू आला की दादा कमरेतून झुकायच्या ऐवजी मान झटक्यानं बाजूला टाकायचा. खेळच डोक्यानं मारायचा, त्यामुळे ते साहजिक होतं. पण ज्या मानेबद्दल अस्थिरोगतज्ज्ञांनी झटके टाळा असं बजावलं होतं, तिलाच झटके. खेळ बंद करावा असं मी ठरवलं, आणि त्याचा चेहरा पडला. मग घरी गेल्यावर सुचलं. दुसऱ्या दिवशी मी एक पंचा घडी घालून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि सांगितलं, ही घडी पडू द्यायची नाही. घडी पडली तर गोल धरायचा नाही. दोन्ही हात कमरेवर.

पहिल्या दिवशी घडी बारा वेळा पडली. आठवड्यानं एकदा-दोनदा. डोकं स्थिर ठेवायचं तर वजन कमरेतून आणि घोट्यातून न्यावंच लागतं, आणि मला नेमकं तेच हवं होतं. आईनं हे बघितलं आणि म्हणाली, "आमच्या सासूबाई असं घागर घेऊन चालायच्या." नंतर घरी तो पंचा डोक्यावर ठेवूनच टीव्ही बघायचा, असं बहिणीनं सांगितलं.

गेम सुरू केल्यापासून तिसऱ्या आठवड्यात चूक झाली, आणि ती माझी. गोल झाला, दादा आनंदानं उडी मारायला गेला, मागचं पाऊल बोर्डाच्या कडेवर पडलं आणि तो मागे गेला. कमरेचा पट्टा माझ्या हातात होता पण सैल धरलेला. तो खुर्चीत बसला, इजा झाली नाही, पण चेहरा पांढरा पडला आणि त्या दिवशी पुन्हा बोर्डावर चढला नाही. पुढच्या वेळी मी खुर्ची आणखी जवळ घेतली, बोर्डाच्या भोवती त्याच उंचीच्या फोमच्या पट्ट्या लावून कडाच नाहीशा केल्या, आणि गोल झाला की उडीऐवजी दोन्ही हात वर करून "गणपती बाप्पा मोरया" म्हणायचं ठरलं. दोन बैठका त्यानं फक्त गोट्यांचा खेळ खेळला. तिसऱ्या बैठकीला स्वतःच म्हणाला, "फुटबॉल."

दमणूक कशी बघायची, हाही प्रश्न होता. डाउन सिंड्रोममध्ये व्यायाम करताना हृदयाचे ठोके इतरांइतके वर जात नाहीत, त्यामुळे ठोक्यांची कमाल मर्यादा काढायला २२०मधून वय वजा करायचं नेहमीचं गणित इथे चुकतं. मी बोलण्यावर भरवसा ठेवला. मध्येच आरतीची एक ओळ म्हणायला सांगायचं. न तुटता म्हणता आली तर चालू, धाप लागली तर बसायचं आणि पाणी.

पाचव्या आठवड्यातली वही

पाचव्या आठवड्यात फुटबॉलचे गुण पहिल्या दिवसाच्या तिप्पट झाले होते. घरी पेढे आले. मी मोजमाप केलं. उठून चालून बसायला १३ सेकंद. उजव्या पायावर ३ सेकंद. डाव्या पायावर अजूनही शून्य. ठोकळ्यावर चढणं होतं तसंच.

त्या संध्याकाळी मी वही घेऊन बराच वेळ बसले. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. बोर्डावर दोन्ही पाय जागच्या जागी असतात. तो झुकायला शिकला होता, फार छान शिकला होता. पण उंबऱ्यावर आणि एसटीत माणूस झुकून पडत नाही. एक पाय हवेत असताना दुसऱ्यानं भार पेलला नाही म्हणून पडतो, किंवा तोल गेल्यावर पुढचं पाऊल वेळेवर टाकता आलं नाही म्हणून. गेमनं तेवढंच शिकवलं होतं जेवढं गेममध्ये होतं. गुण वाढताना बघून मी सुखावले होते आणि पाऊल उचलणं मागे राहिलं होतं.

सहाव्या आठवड्यापासून बैठक दोन भागांत वाटली. पहिली वीस मिनिटं टीव्ही. त्यातही चढ-उताराचा एक खेळ घेतला, ज्यात तालावर बोर्डावर पाऊल ठेवायचं आणि खाली उतरायचं. उरलेला वेळ टीव्ही बंद. फरशीवर खडूनं ठिकरीची घरं आखली. लंगडी घालायची नाही, एका घरात एकच पाऊल, मध्ये थांबायचं, दहा आकडे मोजायचे. मग हातात ताट घेऊन तेच.

आणि मग आमची एसटी. जिमवाल्यांकडून मिळालेले रबरी ठोकळे रचून पायऱ्या केल्या, आधी १० सेंटिमीटर, मग २०, मग ३०. भिंतीला दांडा होताच. वडील कंडक्टर. दादा चढला, आत उभा राहिला की वडिलांनी तोंडानं डबल बेल द्यायची आणि मी त्याला खांद्यावर हलका धक्का द्यायचा, कधी पुढून कधी बाजूनं, कारण गाडी सुटताना धक्का बसतोच. पाऊल टाकून सावरायचं. पहिल्या धक्क्याला त्यानं अंग आवळलं आणि दांडा दोन्ही हातांनी गच्च धरला. वडिलांचा हात आपोआप त्याच्या काखेकडे गेला. मी त्यांना मागे व्हायला सांगितलं. त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं. टाके घातलेल्या दिवशी दवाखान्यात मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेला माणूस तो.

"डबल बेल" हे शब्द दादाला इतके आवडले की तो फोमवर एका पायावर उभं राहतानाही तेच म्हणायचा.

बारा आठवड्यांनंतर

उठून चालून बसायला ११ सेकंद. उजव्या पायावर ७ सेकंद, डाव्या पायावर ३. तीस सेंटिमीटरच्या ठोकळ्यावर एका हातानं दांडा धरून चढणं जमलं. बहीण एका वहीत पडण्याची नोंद ठेवत होती. या तीन महिन्यांत एकदा पडला, पावसात, अंगणातल्या गुळगुळीत फरशीवर. तिथे मीही घसरले असते.

हे सगळं गेमनं झालं असं मी म्हणणार नाही. चष्मा आणि थायरॉईड मी आधी वेगळे काढले, तरी तीन महिने आठवड्यातून तीनदा घराबाहेर पडणं, आई-वडिलांची भीती कमी होणं, सराव झाल्यामुळे चाचणी चांगली देता येणं, हे सगळं त्या आकड्यांत मिसळलेलं आहे. आणि हे एकाच माणसाचं प्रकरण आहे.

पण माझ्या अनुभवाला जोड देणारं काम इतरत्र झालं आहे. तैवानमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांवर वी गेम वापरून अभ्यास झाला, तो २०११मध्ये प्रसिद्ध झाला. पोर्तुगालमध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या २७ प्रौढांचा अभ्यास झाला. त्यांच्यातल्या एका गटानं दोन महिने, आठवड्यातून तीनदा, तासभर वी गेमवर आधारलेला व्यायाम केला आणि त्या गटाचं चालणं-फिरणं आणि शारीरिक क्षमता सुधारल्याचं दिसलं. अभ्यास लहान आहेत, काळ थोडा आहे. तरी प्रौढांवर, त्यांच्या रोजच्या हालचालींवर कुणीतरी लक्ष दिलं याचं मला मोल वाटतं. आपल्याकडे लेखन सापडतं ते बहुतेक मुलांबद्दल.

कुणी विचारतात, बोर्ड नाही मिळाला तर? घरातले दोन वजनकाटे शेजारी शेजारी ठेवा, एकेक पाय एकेकावर. दोन्ही आकडे सारखे आणायचे, मग एक मुद्दाम वाढवायचा. दादाला पन्नासपर्यंत आकडे येतात, त्याला हा खेळ बोर्डाइतकाच आवडतो. मात्र शेजारी माणूस हवाच, आणि मानेची तपासणी आधी. थेरपीच्या खर्चासाठी नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतचं आरोग्य विम्याचं संरक्षण आहे आणि त्यात थेरपीही येते. दादाच्या घरी हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि माझ्याकडे येणाऱ्या इतर घरांतही बहुधा नसतं. चौकशी करा.

मध्ये मी दीड महिना आजारी होते, बैठका बंद पडल्या. परत मोजलं तर डावा पाय पुन्हा दीड सेकंदावर. स्नायूंचा सैलपणा जन्माचा आहे, सराव थांबला की तो परत डोकं वर काढतो. म्हणून आता कार्यशाळेत रोज दुपारच्या चहाआधी दहा मिनिटं सगळे मिळून ठिकरीची घरं चालतात. तिथल्या ताई घेतात. दादा पुढे उभा राहून करून दाखवतो, कारण त्याला येतं.

आत्याकडे ते गेल्या महिन्यात गेले. मी स्टँडवर गेले होते, सुट्टीच्या दिवशी, बघायला म्हणून. गाडी फलाटापासून लांब लागली. वडील आधी चढले आणि आतून वळून उभे राहिले, हात मागे बांधून. कंडक्टरनं दादाचं दंड धरायला हात पुढे केला. "हात नको," दादा म्हणाला. उजव्या हातानं दांडा धरला, उजवा पाय वर ठेवला, क्षणभर थांबला. मागे रांग होती, कुणीतरी "चला, चला" म्हणालं. तो थांबलाच. मग डावा पाय उचलला गेला आणि तो आत होता. खिडकीतून त्यानं मला हात केला नाही. तो डबल बेलची वाट बघत होता.

उतरताना तो अजून आडवा होतो आणि दोन्ही हातांनी दांडा धरतो. उतरताना डाव्या पायाला वरचं वजन सावकाश खाली सोडावं लागतं, ते त्याला जमत नाही. सोमवारपासून तेवढंच घेतोय, १० सेंटिमीटरच्या ठोकळ्यावरून, डोक्यावर पंच्याची घडी ठेवून.